तपकिरीची कुपी आणि कमरेची गुंडी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, मुलाबाळांसह गेलेले कुटुंब बहुधा कसे हिंडते हे आपणांस ठाऊकच असेल. प्रथम पाषाणमूर्ती, मग लघुचित्रे, मग मुलांच्या हट्टाखातर पेंढा भरलेले पशुपक्षी. चीन आणि जपान यांच्या कलावस्तूंपाशी येईतो लहानग्यांचे पाय दुखू लागलेले असतात आणि वडीलधाऱ्यांना चहाची आठवण झालेली असते. मोठमोठ्या चिनी फुलदाण्यांकडे एकवार नजर जाते. परंतु काचेआड मांडलेल्या अंगठ्याएवढ्या बाटल्या आणि अक्रोडाएवढ्या कोरीव आकृती पाहून 'खेळणी दिसताहेत' असे कोणीतरी म्हणते आणि मंडळी पुढे सरकतात.

वाचकहो, त्या वस्तू खेळणी नव्हेत. त्या एकेकाळी कोणाच्या तरी बाराबंदीत, कोणाच्या तरी कमरेला, दररोज वावरत होत्या. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण त्या मुंबईपर्यंत कशा पोहोचल्या, हे कळले म्हणजे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

येथील चिनी व जपानी वस्तूंचा मोठा भाग जमशेटजी टाटा यांच्या दोन पुत्रांनी जमविलेला आहे. थोरले सर दोराबजी (१८५९–१९३२) आणि धाकटे सर रतनजी (१८७१–१९१८). रतनजींनी लंडननजीक ट्विकनहॅम येथे यॉर्क हाउस नावाचा जुना वाडा १९०६ साली विकत घेतला होता आणि तेथे त्यांचे पुष्कळ वास्तव्य असे. दोघाही बंधूंना देशोदेशींच्या कलावस्तूंचा षोक होता आणि दोघांचेही संग्रह त्यांच्या पश्चात संग्रहालयाकडे आले. हे दोघे खरेदी करीत होते त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी, युरोपच्या बाजारपेठांत चिनी-जपानी वस्तूंची रेलचेल झाली होती. आता घरातील नित्याच्या वापरातील वस्तू माणूस सुखासुखी विकीत नाही. आजोबांचा अडकित्ता किंवा आजीचे कुंकवाचे करंडे बाजारात कधी येतात? घरावर काही प्रसंग ओढवला तर, किंवा सुपारी कातरण्याची आणि कुंकू लावण्याची रीतच घरातून गेली तर. चीन आणि जपान या दोन्ही देशांत त्या काळी नेमके असेच काही घडत होते.

प्रथम त्या बाटल्या पाहू. या तपकिरीच्या कुप्या होत. तंबाखूचे झाड मूळ अमेरिकेचे. युरोपीय दर्यावर्द्यांबरोबर ते पूर्वेस आले आणि सतराव्या शतकात तंबाखूची पूड नाकात ओढण्याचा शिरस्ता चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबारापर्यंत पोहोचला. युरोपात तपकीर चपट्या डबीत ठेवीत, आपल्याकडेही डबीच प्रसिद्ध. चीनमध्ये मात्र औषधी चूर्णे लहान कुप्यांत ठेवण्याची पद्धत आधीपासून होती, आणि दमट हवेत तपकिरीचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून घट्ट बुचाची कुपीच सोयीची ठरली. बुचाला खाली एक इवलासा चमचा जोडलेला असतो, बहुधा हस्तिदंताचा किंवा हाडाचा. बूच उघडावे, चमच्याने चिमूटभर तपकीर अंगठ्याच्या नखावर किंवा हाताच्या पाठीवर घ्यावी, आणि पाहुण्यापुढे कुपी करावी. पानसुपारीचे तबक पुढे करणे आणि ही कुपी पुढे करणे यांत भावनेचा फरक काहीच नाही.

बादशहा कांग्शी याने १६९६ साली पेकिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना सुरू करविला आणि त्याची व्यवस्था किलियन श्टुम्फ नावाच्या एका जर्मन जेझुइट पाद्र्याकडे सोपविली. तेव्हापासून काचेच्या कुप्यांना बहर आला. त्यांतील एक प्रकार अवश्य पाहण्याजोगा आहे. पांढऱ्या काचेच्या कुपीवर तांबड्या किंवा निळ्या काचेचा दुसरा थर चढवीत आणि मग तो वरचा थर घासून घासून नको तेथून काढून टाकीत. उरे ते चित्र. कमळ, मासा, ड्रॅगन हे असे पांढऱ्या भूमीवर उठून दिसतात. चित्र काढलेले नसते. चित्राभोवतीचे सारे काही नाहीसे केलेले असते.

काचेखेरीज चिनी माती, स्फटिक, पोवळे, अंबर, लाखट रोगण, मीना अशा नाना पदार्थांच्या कुप्या झाल्या. अकिकाच्या कुपीत तर कारागिराची चतुराई पाहावी. दगडात निसर्गतःच एखादा काळा डाग असला की तो त्या डागाचाच पक्षी करी, किंवा माकड करी, आणि बाकीचा दगड मोकळा सोडून देई. शिवाय कुपी आतून पोखरावयाची ती वाटाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या तोंडातून, वाकड्या हत्यारांनी. चांगली पोखरलेली दगडी कुपी पाण्यावर तरंगते, असे जाणकार सांगतात.

जेडच्या वस्तूंविषयी येथेच सांगून टाकतो. आपल्याकडे मोगल काळी या दगडास यशब म्हणत. चीनमध्ये जेडला सोन्याहून अधिक मान. तो बहुतेक मध्य आशियातील खोतानच्या नद्यांतून येई. हा दगड इतका चिवट की पोलादी छिन्नी त्यावर चालत नाही; म्हणून जेड 'कोरलेला' असतो असे म्हणणे खरे पाहता चूकच. पायाने फिरवावयाच्या लोखंडी चकतीवर कठीण वाळू आणि पाणी यांचा मारा करीत तो दिवसेंदिवस झिजवावा लागे. याच खोतानकडचा दगड मोगलांच्या कारखान्यांतही येत असे, आणि मोगल कारागिरांनी त्याच्या पाकळीसारख्या पातळ वाट्या बनविल्या. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात मोगली जेडच्या वस्तू आहेत, त्या पाहिल्या असतील तर त्या पातळपणाची कल्पना येईल. चीनचा बादशहा छ्येनलुंग याच्या सैन्याने १७५९ साली खोतानचा मुलूख जिंकला. त्यानंतर हिंदुस्थानी धर्तीची अशी पात्रे नजराणा म्हणून त्याच्या दरबारी येऊ लागली. हा बादशहा त्यांवर इतका लुब्ध झाला की त्याने त्यांवर कविता रचल्या, काही पात्रांवर त्या कोरविल्या आणि आपल्या कारागिरांना तशीच पात्रे घडविण्यास लावले. चीनच्या राजवाड्यात 'हिंदुस्थान' हे नाव त्या काळी जेडच्या एका घाटाचे नाव झाले होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानी आलेली असते.

पुन्हा तपकिरीकडे वळू. एकोणिसाव्या शतकात एका विलक्षण प्रकारच्या कुप्या निघाल्या. काच किंवा स्फटिक यांच्या पारदर्शक कुपीच्या आतील बाजूने चित्र काढलेले! प्रथम आतल्या अंगास वाळू व पाणी घालून कुपी हलवीत राहावयाचे, म्हणजे गुळगुळीत काच खरखरीत होऊन रंग धरते. मग टोकाशी वाकविलेली बांबूची बारीक काडी तोंडातून आत घालून चित्र रंगवावयाचे. तेही उलट क्रमाने. कागदावर आपण आधी आकाश काढतो आणि मग त्यावर झाड. येथे पाहणारा काचेच्या बाहेर असल्यामुळे आधी झाडाचे पान, मग फांदी आणि सर्वांच्या शेवटी आकाश. चौ लयुआन या चित्रकाराने १८८०–९० च्या सुमारास ही कला फार उंचीवर नेली. मा शाओश्वान याने त्यानंतर हुबेहूब मुखवटे आणि रेखीव अक्षरे कुपीच्या पोटात उतरविली.

या कुप्या पाहून माझ्या मनात एक शंका येई. आत तपकीर भरून चमचा फिरविला तर चित्र खरवडले जाणार नाही काय? शंका रास्त आहे. प्रारंभी अशा काही कुप्या वापरल्याही गेल्या, परंतु पुढे पुढे त्या कोणी वापराव्यात म्हणून काढल्याच जात नव्हत्या. त्या पाहण्यासाठीच होत्या, आणि पाहणारे गिऱ्हाईक उत्तरोत्तर परदेशी होत चालले. सिगारेट आली. १९१२ च्या फेब्रुवारीत छिंग घराण्याने राज्यत्याग केला आणि ज्या सरदार-दरकदारांच्या बैठकीत कुपी फिरे त्या बैठकीच मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे संग्रह बाजारात आले. त्याआधीच १८६० साली इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला होता आणि १९०० साली पेकिंग शहर पुन्हा लुटले गेले होते. इंग्रजांच्या झेंड्याखाली या दोन्ही मोहिमांत हिंदी पलटणी होत्या, हेही लपविण्याचे कारण नाही. युरोपच्या बाजारात आलेल्या चिनी वस्तूंमागे असे नाना मार्ग होते. प्रत्येक वस्तूची वाट तिच्या अंगावर लिहिलेली नसते.

कुपी पुढे करण्याची ती रीत मात्र मंगोलियात आजही जिवंत आहे. तंबूत आलेल्या पाहुण्याशी यजमान तपकिरीच्या कुपीची अदलाबदल करतो. तपकीर ओढावयाची नसेल तरी कुपी उजव्या हाताने आदरपूर्वक घेऊन, हुंगून, परत करावी लागते. आणि आतून चित्रे काढण्याची कला चीनच्या हबेइ प्रांतातील हंगश्वेइ येथे आजही चालू आहे. तेथील कुपीत तपकीर कधीच पडत नाही.

चीनमध्ये जे १९१२ च्या मागेपुढे झाले, ते जपानमध्ये चाळीस वर्षे आधीच होऊन गेले होते. आता त्या अक्रोडाएवढ्या आकृतींकडे वळू. यांना नेत्सुके म्हणतात.

जपानी पुरुषाच्या किमोनोला खिसे नसत. रुमालासारखी हलकी वस्तू बाहीत राही. पण पैशांची पिशवी, तंबाखूची चंची, औषधाची डबी कोठे ठेवावी? आपल्याकडे धोतर नेसणारा माणूस पैसे कनवटीला लावी आणि बटवा कमरेस खोवी. जपानी माणूस डबीला रेशमी दोरी बांधून ती दोरी कमरबंदाखालून वर घेई आणि ती निसटू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकास एक गुंडी अडकवी. ही गुंडी म्हणजे नेत्सुके. तिचे काम एवढेच: कमरबंदाच्या वर अडून राहणे.

एवढ्याशा कामासाठी त्या लोकांनी काय काय कोरले! झोपलेले कुत्रे, शेंगेतून डोकावणारे दाणे, स्वतःच्या कवचात शिरणारा शिंपला, पाठीवर पिल्ले घेतलेले कासव, उंदीर, भुते, अंधळे मालिशवाले, पावसात भिजलेला वाटसरू. उंची सामान्यतः दीड-दोन इंच. परंतु कलावंतास येथे मोकळीक नव्हती. गुंडीच्या अटी पाळाव्या लागत. टोकदार भाग असता कामा नये, नाहीतर बाहीचे रेशीम फाटेल. म्हणून बैल असला तर शिंगे पाठीला चिकटलेली, माकड असले तर हातपाय पोटाशी घेतलेले. वस्तू चहूबाजूंनी हातात फिरणार, म्हणून तळवाही वरच्या बाजूइतकाच नीट कोरलेला. क्योतोचा तोमोतादा याचे बैल इतके लोकप्रिय झाले होते की त्याच्या हयातीतच नकला सुटल्या. ही तक्रार १७८१ साली ओसाका येथे प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात नोंदलेली आहे. त्यात पन्नासांहून अधिक नेत्सुके-कारांची नावे दिलेली आहेत. गुंड्या करणाऱ्यांची नामावळी ग्रंथात यावी, यातच त्या समाजाची रसिकता दिसते.

पुष्कळ नेत्सुके हस्तिदंती आहेत. सामिसेन या तंतुवाद्याच्या मोठ्या कोणांसाठी दंत कापल्यावर उरलेल्या त्रिकोणी तुकड्यांतून काही कोरली गेली, त्यामुळे त्यांचा आकार तसाच निमुळता दिसतो. तरी दंत तो दंतच. त्यापायी हत्ती मारले गेलेच. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद आहे, तो योग्यच झाला. शिसवीसारख्या कठीण लाकडांत कोरलेले नेत्सुके, माझ्या मते, हस्तिदंती नेत्सुकेहून अधिक ऊबदार दिसतात.

दोरीच्या दुसऱ्या टोकास लोंबे ती डबी म्हणजे इनरो. चपट्या आकाराचे चार-पाच कप्पे एकावर एक बसलेले, प्रत्येकात वेगळे औषध. कप्प्यांचे सांधे इतके बेमालूम की डबी बंद असता ती अखंड वाटते. तिच्यावरील काळ्या चकाकत्या लेपास आपण सर्रास 'लाखकाम' म्हणतो, आणि भाषांतराच्या उद्योगातील आम्ही मंडळी हा शब्द वर्षानुवर्षे बिनदिक्कत वापरीत आलो आहोत. वस्तुतः तो घोटाळा आहे. आपली लाख ही किड्याने झाडावर निर्मिलेली वस्तू. बांगड्या आणि सावंतवाडीची खेळणी हिच्यामुळे झळकतात. जपानी 'उरुशी' हा एका झाडाचा चीक आहे, बिब्ब्यासारखा अंगावर उतणारा. आणि तो झाड म्हणूनही बिब्ब्याच्याच कुळातला. आणखी नवल असे की हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते. म्हणून लेप दिलेली वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. एक लेप घट्ट झाला की घासावयाचा, त्यावर दुसरा द्यावयाचा. असे कित्येक थर. अखेरच्या ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपडून चंद्र, गवत, हंस यांची चित्रे उमटवितात. एका इनरोस महिनेच्या महिने लागत.

१८६८ साली जपानमध्ये शोगुनांची सत्ता गेली आणि मेजी बादशहाचा अंमल सुरू झाला. देश नव्या वाटेला लागला. १८७२ साली दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरला. अंगात कोट आला, कोटाला खिसे आले. खिसे आले आणि नेत्सुकेचे काम संपले. गुंडी करणाऱ्याचा धंदा बुडण्यास ना दुष्काळ लागला, ना लढाई. शिंप्याने शिवलेला एक खिसा पुरला.

तलवारीच्या कारागिरांवर तर सरकारी हुकूमच कोसळला. १८७६ साली सामुरायांना तलवार कमरेस लावण्याची बंदी झाली. पाते घडविणारे, मुठीवर सोन्यारुप्याचे बारीक काम करणारे, म्यानास रोगण चढविणारे, अशा साऱ्यांच्या हातांतील काम एका फर्मानासरशी गेले. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हा तलवारीच्या साजाचा थोर कारागीर. त्याला नव्या सरकारच्या टांकसाळीत नाण्यांचे नमुने करण्याचे काम मिळाले. साऱ्यांचेच दैव इतके बलवत्तर नव्हते. नामिकावा यासुयुकी (१८४५–१९२७) हा मूळचा सामुराय. जुन्या सेवेचा आधार गेल्यावर त्याने मीनाकाम शिकून घेतले आणि क्योतोत कारखाना काढला. आपल्या जयपुरी मीनाकारीत धातू खोदून त्या खळग्यांत रंग भरतात. या जपानी-चिनी प्रकारात उलट, तांब्याच्या पात्रावर केसासारख्या तारा उभ्या चिकटवून त्यांच्या कुंपणात रंग भरतात, भट्टीत घालतात, पुन्हा भरतात आणि शेवटी घासून आरशासारखे करतात. नामिकावाची पात्रे युरोप-अमेरिकेतील प्रदर्शनांत वाखाणली गेली. क्योतोतील त्याच्या घरीच आज त्याच्या कामाचे संग्रहालय आहे.

जपानी सरकारने १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपल्या कारागिरांचा माल थाटाने मांडला, आणि पुढल्याच वर्षी निर्यातीसाठी एक कंपनी उभी राहिली. घरचे गिऱ्हाईक गेले तर बाहेरचे शोधा, असा तो हिशेब होता. तो पुष्कळ अंशी साधला, पण किंमत मोजावी लागली. सात्सुमा नावाने विकली गेलेली सोनेरी, गजबजलेली फुलदाणी पाहावी. तिच्यावर इतकी माणसे आणि इतकी फुले की डोळ्यास बसण्यास जागा नाही. त्यांतील पुष्कळ माल सात्सुमा प्रांतातला नसून क्योतो-योकोहामाकडे परदेशी आवडीसाठी रंगविलेला असे. नेत्सुके कोरणारांपैकी काहींनी मोठ्या हस्तिदंती मूर्ती कोरण्यास आरंभ केला: कोळी, शेतकरी, म्हातारे, दिवाणखान्यात ठेवण्याजोगे. काहींनी नेत्सुकेच कोरले, परंतु ते कमरेस लावण्यासाठी नव्हे, परदेशी पाहुण्याच्या कपाटासाठी.

आता पुन्हा दालनात जाऊ. काचेपाशी नेत्सुके दिसले तर मुलास वाकून एक गोष्ट शोधावयास सांगा: दोरी ओवण्याची दोन भोके. ती बहुधा पाठीमागे किंवा तळाशी असतात. पुष्कळदा हातपाय किंवा शेपटी यांच्या मधली फटच भोकाचे काम करते. भोकाची कड पाहा. ती गुळगुळीत, गोलसर झिजलेली असेल, शेजारचा भाग हाताच्या घर्षणाने किंचित पिवळसर व तुळतुळीत झाला असेल, तर समजावे की वर्षानुवर्षे त्यातून दोरी गेली आहे, कोणीतरी बाजारास निघताना ती कमरेस लावली आहे, बोलता बोलता अंगठ्याने कुरवाळली आहे. कड अजून धारदार असेल, भोके नावापुरती आणि गाठ बसू नये इतकी अरुंद असतील, तर ते नेत्सुके बहुधा खिसे आल्यानंतरचे. कोरीवकाम कदाचित दुसऱ्याचेच अधिक बारीक असेल. डोळे, नखे, केस अन्‌ केस.

कुप्यांचेही तसेच. एखाद्या साध्या काचकुपीच्या तळाशी तपकिरी रंगाचा पुसट डाग दिसला तर थांबून पाहावे. तिच्या शेजारी आतून रंगविलेली, डोंगर आणि कोळ्याची होडी असलेली कुपी असेल. तिचा तळ स्वच्छ असतो.